धरणावरची कादंबरी वाचून उजनीच्या काठावर जाताना

पुण्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. धरणात गेलेल्या गावावरची एक अलीकडची मराठी कादंबरी त्यांनी वाचली. गावाचं नाव काल्पनिक असलं तरी नदी भीमा आणि पाणी उजनीचं, हे त्यांना पहिल्या पन्नास पानांतच कळलं. आता मे महिन्यात दोन दिवस भिगवण-पळसदेव भागात जायचं आणि दिवाळी अंकासाठी अडीच हजार शब्दांचा लेख लिहायचा, असा बेत आहे. लेखात प्रवासातलं स्वतःचं चिंतनही हवं आणि कादंबरीची समीक्षाही. ते विचारतात, ‘दोन्ही एकत्र कसं आणायचं? आधी प्रवास आणि मग पुस्तक, असं चालेल का?’

तसं केलंत तर एका मथळ्याखाली दोन लेख होतील. संपादकाला ते पहिल्याच वाचनात दिसतं आणि तो त्यातला एक कापायला सांगतो. प्रवासाने कादंबरीला प्रश्न विचारले पाहिजेत आणि कादंबरीने प्रवासाला. त्यासाठी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. तुम्ही पडताळा घ्यायला निघालेला नाही. ‘कादंबरीत लिहिलंय तसंच आहे’ हे वाक्य लेखात आलं की पुढे सांगण्यासारखं काही उरत नाही. पान आणि जागा जिथे जुळत नाहीत, तिथे तुमचा लेख आहे.

समजा, कादंबरीत देऊळ गावाच्या मधोमध आहे आणि तुम्ही गेलात त्या गावाचं जुनं देऊळ नदीच्या काठावर. याला लेखकाची चूक म्हणू नका आणि ‘कलावंताचं स्वातंत्र्य’ म्हणून सोडूनही देऊ नका. देऊळ मध्ये आणल्याने काय साधलं ते बघा. सगळ्या आळ्यांतली माणसं रोज एकमेकांच्या नजरेस पडतात, भांडणाला साक्षीदार मिळतात, आणि पाणी चढायला लागलं की देवळापर्यंत पोचेतो कादंबरीला चार प्रकरणांचा अवधी मिळतो. काठावरचं देऊळ पहिल्याच पावसाळ्यात पाण्याखाली गेलं असतं. ही निवड का झाली आणि तिच्यापायी काय सुटलं, हे सांगणं म्हणजे समीक्षा.

निघण्यापूर्वी कादंबरी दोनदा वाचून झालेली हवी. तीनशे पानांची असेल तर पहिलं वाचन चार-पाच बैठकांत, एका आठवड्याच्या आत करा. हातात पेन्सिल घेऊ नका. खुणा करत पहिल्यांदा वाचलं की आपण पुढच्या उद्धृताच्या शोधात वाचतो आणि कथनाचा वेग कळत नाही. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या, पण खुणा चारच ठेवा : जागेचं वर्णन, काळाची उडी, ‘हे कोण सांगतंय?’ असा प्रश्न पडला ती ओळ, आणि जिथे तुमचा लेखकावरचा विश्वास डळमळला ती ओळ. चौथी खूण सर्वांत मोलाची असते आणि तीच करायला माणसं कचरतात. मागच्या कोऱ्या पानावर या खुणांची पानांच्या क्रमांकांसह यादी करा. ग्रंथालयाची प्रत असेल तर वेगळ्या कागदावर.

याच वाचनात प्रत्येक प्रकरणाची एक ओळ लिहा. काय घडलं, कोण सांगतंय, कथेतला किती काळ गेला आणि त्याला किती पानं लागली. शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवले की पुष्कळ उलगडा होतो. गाव हलवण्याची एक रात्र चाळीस पानं घेते आणि पर्यायी जमिनीसाठी कचेरीत घातलेली पंधरा वर्षं सहा पानांत उरकतात, असं दिसलं तर थांबा. ज्यांचं गाव गेलं त्यांच्या आयुष्यात त्या पंधरा वर्षांचं ओझं रात्रीपेक्षा जड असू शकतं. कादंबरीला मात्र रात्र दाखवणं सोपं जातं, कारण तिच्यात गाड्या आहेत, कंदील आहेत, रडारड आहे. कचेरीतली वाट बघणं रंगवायला वेगळी ताकद लागते. तुमच्या लेखकाने ती लावली की टाळली, हे पानांच्या हिशेबावरून ठामपणे म्हणता येतं.

आता भाषेकडे. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण मराठी कादंबरीवरच्या लेखांत भाषेबद्दल बहुधा ‘अस्सल मातीतली’ एवढंच म्हटलेलं असतं आणि त्याने काहीच कळत नाही. उदाहरणासाठी तीन वाक्यं बनवून देतो, कुठल्या पुस्तकातली नाहीत : ‘आम्ही गाव सोडलं.’ ‘गाव उठलं.’ ‘गाव उठवण्यात आलं.’ घटना एकच. पहिल्यात करणारी माणसं समोर आहेत आणि जबाबदारीचा थोडा भारही त्यांनी घेतलाय. दुसऱ्यात गाव जणू आपलं आपण उठलं. बाजार उठतो, पंगत उठते, तसं. यात दोष कुणाचाच नाही आणि इलाजही कुणाकडे नाही. तिसरं वाक्य कचेरीतलं. उठवणारा आहे, पण व्याकरणाने त्याला पडद्याआड ठेवलंय. तुमच्या कादंबरीत गाव हलण्याचा उल्लेख जिथे जिथे येतो, तिथली क्रियापदं एका कागदावर उतरवून काढा. निवेदक आधी ‘उठलं’ म्हणत होता आणि शेवटाकडे ‘उठवलं’ म्हणायला लागला, तर कादंबरीचा प्रवास त्या एका ‘व’मध्ये सापडेल. काहीच बदललं नसेल तर तीही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

तसंच ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आपण’ म्हणणारा निवेदक ऐकणाऱ्याला गावात सामील करून घेतो. ‘आम्ही’ म्हणणारा त्याला वेशीबाहेर उभा करतो. धरणाच्या कादंबरीत हा फरक मोठा आहे. वाचक बहुधा शहरातला असतो आणि पुष्कळदा धरणाच्या लाभाच्या बाजूचा असतो. मग निवेदक त्याला ‘आपण’ म्हणतो तेव्हा ती माफी असते, आर्जव असतं की लेखकाचा गाफीलपणा? मजकुरातूनच ठरवा.

तिसरी गोष्ट, ‘आजी घाटावर जाई’ आणि ‘आजी घाटावर जायची’. दोन्हींत नेहमीचं जाणं आहे. ‘जाई’ हे रूप आज मुख्यतः लेखी मराठीत उरलंय आणि त्याला आठवणींचा मंद उजेड चिकटलेला असतो. शेतकरी निवेदक बोलता बोलता ‘जाई, येई, बसे’ करू लागला की तिथे लेखकाचा हात दिसतो. तो हेतुपुरस्सर आहे का, की जुनं गाव गोड दिसावं म्हणून नकळत आलाय, हे तपासायला असे उतारे मोठ्याने वाचा. कानाला जो सांधा खटकतो तो डोळ्यांना पुष्कळदा दिसत नाही. जुन्या गावात कुणाला पाणवठ्यावर मज्जाव होता, कुणाची वस्ती गावकुसाबाहेर होती, हे या ‘जाई-येई’खाली झाकलं जातं. हा मुद्दा तुमच्या कादंबरीला लागू असेल तर लेखात तो यायलाच हवा.

यातून तीनच उतारे निवडा, प्रत्येक दीड पानाच्या आतला. एक जागेचा, एक काळाचा, एक आवाजाचा. प्रवासात सोबत हेच राहू द्या. अख्खी कादंबरी घेऊन काठावर बसलं की माणूस वाचत बसतो आणि समोरचं बघायचं राहून जातं.

निघण्याआधी पुण्यातच एक दिवस ग्रंथालयात घालवा. धरण १९८० साली पूर्ण झालं. म्हणून १९७१ च्या जनगणनेची पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांची हस्तपुस्तिका बघा. तिच्यात गाववार लोकसंख्या, क्षेत्र, शाळा, पाण्याची सोय अशा नोंदी असतात. नंतर तेच गाव १९८१ च्या पुस्तिकेत शोधा. आकडे कसे बदलले, गाव कुठल्या नावाने उरलं, हे एका तासात कळतं. गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात अशी साधनं मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. बाहेरच्या वाचकांसाठी काय नियम आहेत ते आधी विचारून घ्या. तिथेच १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर मागा. तीन भागांत आहे, आणि भीमाकाठची गावं, बाजार, देवळं त्यात भेटतात. ही माहिती लेखात ओतू नका. ती तुमच्या प्रश्नांना धार यावी म्हणून आहे. शिवाय पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ साली आला, म्हणजे उजनीचं काम बरंच पुढे गेल्यावर. कादंबरीतली माणसं कुठल्या साली कचेरीत जातात आणि काय मागतात, ते या सालाशी ताडून बघा.

एक आकडा मात्र पाठच करून जा. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातला जवळपास ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. वर्तमानपत्रात ‘उजनी शून्य टक्क्यांवर’ असं छापून येतं तेव्हाही निम्म्याहून जास्त पाणी धरणात असतं. त्याच्या खाली गेलं की ‘उणे’ म्हणतात. कादंबरीतलं ‘धरण आटलं आणि गाव वर आलं’ हे वाक्य मनात धरून गेलेला माणूस क्षितिजापर्यंत पाणी बघून गोंधळतो. पळसदेवचं जुनं हेमाडपंती देऊळ पायथ्यापर्यंत मोकळं व्हायला पाणी उणे पातळीत बरंच उतरावं लागतं, आणि तसं दर उन्हाळ्यात होत नाही. जाण्याच्या आठवड्यात पाणीसाठ्याचा रोजचा आकडा बघा. नुसतं शिखर दिसत असेल तरी जा. अर्धवट दिसणाऱ्या देवळापुढे कादंबरीतलं ‘वर आलेलं गाव’ कसं वाटतं, हाही लेखाचा विषय होतो.

भिगवण पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटर, सोलापूर रस्त्यावर. स्वारगेटहून इंदापूर-सोलापूरकडे जाणाऱ्या एसटीने जा, पण भिगवणला थांबा आहे का ते वाहकाला चढण्याआधी विचारा. नवं पळसदेव पुढे महामार्गालगतच आहे. उन्हाळ्यात काठावरचं काम सकाळी साडेसहा ते दहा या वेळात उरका. माणशी तीन लिटर पाणी घ्या. उतरलेल्या पाण्याखालचा गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो आणि खाली ओला असतो. पाय गुडघ्यापर्यंत जातो, म्हणून वाट दाखवायला गावातला माणूस हवाच. बोटीत बसायचं असेल तर सकाळीच, आणि लाइफ जॅकेट असेल तरच. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या काठावरच्या कुगाव आणि कळाशी या गावांदरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. उन्हाळ्यात दुपारनंतर तिथे वारा बघता बघता उठतो.

काठावर काय बघायचं? बहुतेकांची नजर देवळावर आणि रोहित पक्ष्यांवर जाते. दोन्ही बघा, पण त्याआधी पाण्यापासून वर येणारे पाइप आणि केबली बघा. पाणी मागे सरकतं तसे शेतकरी मोटारी पुढे सरकवतात, पाइप जोडत जातात, गाळातून चाऱ्या खोदतात. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. वर काठाला ऊस उभा असतो. भिगवणच्या बाजारात चिलापी माशांचे ढीग असतात. आता कादंबरीकडे वळा. तिच्यात पाणी म्हणजे फक्त गेलेली जमीन असेल, तर काठावरचं पाणी ऊसही आहे आणि मासेमारीही. हा ऊस कुणाचा आहे ते गृहीत धरू नका. ज्याची जमीन बुडाली त्याचा असेल, नंतर विकत घेणाऱ्याचा असेल, दोघांचाही असेल. विचारा. कादंबरीने हा ऊस वगळला असेल तर तिने दुःख शुद्ध ठेवलं, आणि त्यासाठी काहीतरी गमावलं. माझ्या मते धरणावरच्या कादंबरीची खरी कसोटी इथे लागते. जे पाणी घर बुडवतं त्याच पाण्यावर त्याच घरातल्या मुलाचं पीक येतं, हे सांगायची हिंमत तिच्यात आहे का?

माणसांशी बोलताना ‘गाव बुडालं तेव्हा काय वाटलं?’ असं विचारू नका. या प्रश्नाला तयार उत्तर येतं, कारण तो अनेकांनी विचारून झालेला असतो. ‘जुन्या गावात तुमचं घर कुठल्या आळीला होतं? शेजारी कोण? नव्या गावठाणात तेच शेजारी मिळाले का?’ असं विचारा. उत्तर हातवाऱ्यांसकट येतं आणि जमिनीवर काडीने नकाशा निघतो. बोलणारा जुन्या गावाला ‘तिथं’ म्हणतो, ‘खाली’ म्हणतो की ‘गावात’ म्हणतो, तो शब्द जसाच्या तसा टिपा. मग बघा, तुमचा निवेदक कुठला शब्द वापरतो. कादंबरीचा उल्लेख भेटीच्या शेवटी करा. सुरुवातीला केला की माणसं कादंबरीशी जुळेल असं बोलू लागतात, किंवा गप्प होतात. आणि त्यांना कादंबरीतल्या पात्रांची नावं चिकटवू नका. ‘हे तर हुबेहूब कादंबरीतले आबा’ असं लिहिणं म्हणजे जिवंत माणसाला पुस्तकाचं चित्र करून टाकणं.

वहीत डाव्या पानावर कादंबरी आणि उजव्या पानावर प्रवास, असं ठेवा. जागेवर फक्त तुटक शब्द लिहा : वेळ, अंतर, वास, ऐकलेलं वाक्य. पूर्ण वाक्यं त्याच रात्री, झोपण्यापूर्वी. दुसऱ्या दिवशीवर ढकललं की आठवणीत कादंबरीची भाषा शिरते आणि काठावरच्या म्हातारबाबांचं बोलणं निवेदकासारखं ऐकू यायला लागतं. फोटो मोजके काढा. फोटो आहे म्हणून नोंद राहून जाते, आणि लेखनाच्या टेबलावर फोटो वास सांगत नाही. त्या रात्री तीन उताऱ्यांपैकी एक पुन्हा वाचा आणि आता वेगळं काय ऐकू आलं ते डाव्या पानावर चार ओळींत लिहा. या चार ओळींतून लेखाचा कणा मिळतो.

प्रवास कुठून सुरू झाला हेही लेखात यायला हवं. स्वारगेटची पहाट, चहा, खिडकीची जागा यांनी सुरुवात केलेले प्रवासलेख इतके झालेत की ती पानं वाचक उलटतोच. त्याऐवजी पाण्याची वाट धरा. मुठा पुण्यातून वाहते, संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला, आणि भीमा उजनीत. पुण्याचं सांडपाणी आणि जलपर्णी याच वाटेने खाली जाते. म्हणजे पुण्याचा वाचक या कादंबरीच्या बाहेर उभा राहून हळहळू शकत नाही. तो तिच्या पाण्याच्या वरच्या अंगाला राहतो. शिवाय आपला नळ खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांवर चालतो, आणि त्यांच्या तळाशीही गावं आहेत. ‘आपण’ म्हणणाऱ्या निवेदकाचा प्रश्न इथे तुमच्याकडे वळतो. चिंतन म्हणून जे तुम्हाला लिहायचंय ते इथूनच निघेल, आणि त्याला ‘अंतर्मुख झालो’ असं म्हणायची गरज पडणार नाही.

लिहायला बसाल तेव्हा साधारण चौदाशे शब्द कादंबरीला, आठशे प्रवासाला द्या. उरलेले तीनशे कुठे लागतील ते लिहिताना कळेल. पहिला परिच्छेद एका न जुळणाऱ्या गोष्टीवर सोडा, ऊस किंवा देवळाची जागा. कथानक दीडशे शब्दांत संपवा आणि तेही सलग नको, लागेल तसं. उद्धृतं तीन, प्रत्येक चार ओळींच्या आत, पानाच्या क्रमांकासह. उद्धृत देऊन लगेच पुढच्या मुद्द्यावर उडी मारू नका. त्यातल्या एखाद्या क्रियापदाबद्दल, एखाद्या सर्वनामाबद्दल बोला. कादंबरीतल्या घटना वर्तमानकाळात सांगा आणि प्रवास भूतकाळात. दोन्ही भूतकाळात ठेवले की तिसऱ्या पानापर्यंत वाचकाला कळेनासं होतं, गाडीतून उतरलं कोण, तुम्ही की नायक. लेखकाची मुलाखत वाचली असेल तर ती पहिल्या खर्ड्यापासून लांब ठेवा. मुलाखतीत लेखक हेतू सांगतो, आणि एकदा तो कानात बसला की पानावर नसलेलंही दिसायला लागतं.

खर्डा झाल्यावर ‘वास्तवदर्शी’, ‘प्रत्ययकारी’, ‘अस्वस्थ करणारी’, ‘दाहक’ हे शब्द शोधा. ज्या वाक्यात सापडतील ते वाक्य शब्द काढून पुन्हा वाचा. काही उरलं नाही तर वाक्यच काढा. लोकांच्या तोंडची वाक्यं बोलीत लिहायची असतील तर वहीत टिपलेलीच लिहा. आठवून रचलेली बोली त्या भागातल्या वाचकाला पहिल्या ओळीत ओळखू येते. ज्यांचं बोलणं घेताय त्यांची परवानगी तिथेच, निघण्यापूर्वी मागा. जमीन, फेरफार, भाऊबंदकी असं काही बोलले असतील तर नावं बदला आणि गावाच्या खुणाही थोड्या पुसा. दिवाळी अंकांचे संपादक साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत मजकूर मागतात. मेच्या मध्याला जाऊन आलात तर पहिला खर्डा जूनच्या पहिल्या आठवड्यात होईल. मग तो तीन आठवडे बाजूला ठेवा आणि त्या काळात कादंबरीचं फक्त शेवटचं प्रकरण तिसऱ्यांदा वाचा.